पंचेचाळिसावी पट्टी

त्या हिवाळ्यात टू हार्बर्सच्या जुन्या लुथरन चर्चमध्ये
मार्ली स्तुपारने चौथा अल्बम रेकॉर्ड केला.
अकरा दिवस. भाडं रोख.
पाळकाच्या खोलीत टेपचं यंत्र,
वेदीपाशी ड्रम,
आणि उजव्या भिंतीला
चर्च विकलं तेव्हा कुणीच न नेलेला पियानो.

फोन आला सोमवारी.
"एक पट्टी मुकी आहे," ग्रेडी म्हणाला,
"डावीकडून पंचेचाळिसावी. दाबली की नुसतं लाकूड वाजतं."
म्हटलं, उद्या येतो.
उद्या बर्फ पडला. परवाही.
किनाऱ्याचा रस्ता सरोवराने पुसून टाकला.
मी डुलुथला, दाराशी अवजारांची पिशवी,
पायांत बूट,
कॉफी पीत राहिलो.

ती थांबली नाही.
तिने त्या पट्टीला वळसा घातला,
घरातले लोक एखाद्याचं नाव टाळून बोलतात ना,
तसा.
सूर जिथे उतरायचा तिथून तिने वर उडी घेतली,
नाहीतर खालीच घुटमळली.
गिटारवाल्यालाही बजावलं, तिकडे फिरकायचं नाही.
नऊ गाणी झाली. एकातही तो सूर नाही.

पुढे पेपरवाल्यांनी लिहिलं,
या गाण्यांत काहीतरी घशाशी अडकलंय.
कुणी म्हणालं, खाणीत गेलेला भाऊ.
भाऊ आहे तिला. अंटोन.
तो गेला फिनिक्सला, एसी दुरुस्त करतो,
नाताळात फोन करतो.

बाराव्या दिवशी रस्ता मोकळा झाला.
मी पोचलो तेव्हा ड्रमवाला वायरी गुंडाळत होता.
ती बाकावर, अंगात कुणाचा तरी शिकारीचा कोट,
सूप पीत बसलेली. आवाज पार बसलेला.
म्हणाली, "आता काय उपयोग?"
मी म्हटलं, "बाई, मला पियानोसाठी बोलावलंय."
हसली. मग खोकली.

झाकण काढलं. हातोडीची दांडी मोडलेली,
फेल्टचं डोकं शेजारणीच्या खांद्यावर कलंडलेलं,
तळाशी एक केसाची पिन आणि
एकोणीसशे बावन्नचं प्रार्थनेचं पत्रक.
दांडी सरसाने जोडली. सरस वाळायला रात्र लागते.
मग तिथेच झोपलो, तिसऱ्या बाकावर,
उशाला स्तोत्रांची पुस्तकं.
रात्रभर छतावरून बर्फ घसरत होता, धप्, धप्,
आणि ती कुठेतरी अंधारात चालत होती, अनवाणी.
मी डोळे मिटूनच राहिलो.

पहाटे पट्टी दाबली.
वाजली.
तीन तारा असतात एका सुराला.
दोन फेल्टने दाबून धरायच्या, तिसरी लावायची,
मग एकेक सोडायची, तिच्याशी जुळवायची.
मी वाजवत होतो, थांबत होतो,
खाकरत होतो, फिनिशमध्ये स्वतःलाच शिव्या देत होतो.
पाळकाच्या खोलीतला लाल दिवा
मला पाठमोऱ्याला कसा दिसणार?

तर अल्बमचं दहावं गाणं म्हणजे मी.
तीन मिनिटं चाळीस सेकंद, एकच सूर,
मधे एका म्हाताऱ्याचं खाकरणं.
कव्हरवर नाव छापलंय, रेइनोच्या जागी राइनो.
म्हणजे गेंडा. नातू वर्षभर हसला.

लोकांना ते ऐकून रडू येतं म्हणे.
किराणा दुकानात एका पोराने विचारलं,
ती घंटा कुठल्या जहाजाची?
मी म्हटलं, माहीत नाही, आणि बटाटे निवडत राहिलो.

तिने पुढे अल्बम केला नाही.
थंडर बेला घोडे पाळते म्हणतात,
कुणी म्हणतं, नुसतीच राहते.

रेकॉर्ड आहे घरी. क्वचित लावतो, तीही दुसरी बाजू.
शेवटी तो सूर येतो,
नऊ गाण्यांनी ज्याची जागा झाडून ठेवली तो,
आणि मधली तार, काय सांगू,
केसभर उतरलेली आहे.
सकाळची थंडी, बोटं आखडलेली, नाही कळलं तेव्हा.
आता काही करता येत नाही.
तरी दर वेळी
हात पिशवीतल्या किल्लीकडे जातो.